डाव्या बाजूचा ब्रेक

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला अण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून माइकवरून सांगत होते, की गावात ताशी चाळीसच्या वर गाडी नेणारा माणूस स्वतःच्या घरच्यांचा वैरी असतो. समोर बावीस गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. त्यांतल्या एका गाडीत मी होते. गाडी अण्णांचीच होती.

अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. जयसिंगपुरात त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला शिकू नका असं सांगितलं होतं. शर्यती भरवणाऱ्या ‘सरळ रेषा मोटर क्लब’ने परवानगी काढताना अर्जावर ‘रस्ता सुरक्षा व वाहन कौशल्य कार्यक्रम’ असं लिहिलं होतं. त्यामुळे दर रविवारी शर्यतीआधी दहा मिनिटं रस्ता सुरक्षेवर कुणीतरी बोलणं भाग होतं. गावात या विषयावर दहा मिनिटं बोलू शकणारा एकच माणूस होता. अण्णा पंचवीस मिनिटं बोलायचे.

जागा म्हणजे गावाबाहेरची नवी औद्योगिक वसाहत. तिथे प्लॉट पडले होते, रस्ता झाला होता, दिव्यांचे खांब उभे राहिले होते, फक्त कारखाने यायचे होते. रस्ता किलोमीटरभर सरळ. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की चारशे मीटर जायचं, जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, चढ नाही, वीस सेकंदांत सगळं आटोपायचं. एवढ्यासाठी लोक पहाटे उठून इचलकरंजीहून येतात, हे अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारीतले असे पाच रविवार होते. चार रविवारांच्या वेळा धरून पहिले दोघे पाचव्या रविवारी अंतिम फेरीत भिडणार होते. मला पहिलं यायचं होतं, आणि त्याला कारण होतं. चाकणच्या एका मोटार कंपनीला नव्या गाड्यांच्या चाचण्या घेणारे ड्रायव्हर हवे होते. त्यांचे रेगे नावाचे गृहस्थ दर रविवारी येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, पोहे खायचे आणि कुणाशीही बोलायचे नाहीत. प्रत्येक गटातल्या पहिल्याला ते परीक्षेसाठी चाकणला नेणार होते. बायकांनी अर्ज करावा असं जाहिरातीत नव्हतं. करू नये असंही नव्हतं. वयाची अट मात्र पंचवीसच्या आतची होती आणि मार्चमध्ये मला पंचवीस पूर्ण होणार होती. मला ती नोकरी हवी होती. इतकी हाव मला आयुष्यात कशाचीच सुटली नव्हती.

मी तेव्हा पाच वर्षं अण्णांच्याच स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवत होते. बायका अण्णांकडे यायच्या नाहीत. क्लच चुकला की अण्णा रागवायचे नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मी गेले असते तर निम्मं स्कूल बंद पडलं असतं. चाकणचं त्यांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते.

“चाकण म्हंजे पुण्याच्या पुढं,” ते म्हणाले.

“हो.”

“लांब हाय.”

यावर आमच्या घरात एवढीच चर्चा झाली.

आमचा गट आठशे सीसीच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा. त्यात गाडी रोज जशी चालते तशीच आणायची असा नियम होता. स्टेपनी, मागची सीट, टपावरची पाटी, काही काढायचं नाही. आमच्या गाडीला तर डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता, शिकवणीच्या गाड्यांना असतो तसा. दोन्हीकडचे ब्रेक एकाच दांड्याला जोडलेले होते, म्हणजे उजवीकडच्याने दाबला काय किंवा डावीकडच्याने दाबला काय, गाडी थांबायचीच. तेही काढायचं नाही असं ठरलं. पहिल्या रविवारी तेजस चौगुले नावाच्या इचलकरंजीच्या दुकानदाराने डावी सीटच काढून आणली आणि विचारल्यावर ती धुवायला टाकली आहे असं सांगितलं. तेव्हा क्लबने नवा नियम केला, की डावी सीट तर हवीच, शिवाय तिच्यावर एक मोठं माणूस बसलेलं हवं. त्याचं नाव फॉर्मवर लिहायचं, आणि आजारपण सोडून हंगामभर तेच माणूस बसवायचं.

लगेच तालुक्यातल्या काटकुळ्या माणसांचा भाव वधारला. चौगुलेने मेव्हण्याला बसवलं. मेव्हण्याला शनिवारपासून जेवायला देत नाहीत असं लोक म्हणायचे, आणि रविवारी त्याच्याकडे बघून ते खरंही वाटायचं. माझ्या घरात एक्कावन्न किलोचे अण्णा होते, आणि भाषणासाठी ते तिथे येतच होते. मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि सही केली.

तर त्या दुसऱ्या रविवारी भाषण संपवून अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. हेल्मेट घातलं, पट्टा लावला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“आरसा बघ,” ते म्हणाले.

मागे शंभरेक माणसं आणि एक भज्यांचा गाडा होता. मी आरसा बघितला. झेंडा पडला.

पहिल्या रविवारी एकटीने मला एकोणीस पूर्णांक नऊ सेकंद लागले होते आणि ती आमच्या गटातली सगळ्यांत चांगली वेळ होती. अण्णांना घेऊन वीस पूर्णांक नऊ लागले. एक माणूस वाढल्यावर वेळ वाढणारच, पण बाकीच्यांची अर्ध्या सेकंदाच्या आतच वाढली होती. तिसऱ्या रविवारी वीस पूर्णांक आठ. मी गाडीला दोष दिला.

आमची गाडी दस्तगीर मिस्त्री बघायचे. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, टायरमधली हवा वाढवून बघितली, कमी करून बघितली. मग बुधवारी सकाळी मला त्याच रस्त्यावर बोलावलं आणि डाव्या सीटवर पन्नास किलो तांदळाचं पोतं ठेवून त्याला पट्टा लावला. वेळ आली वीस पूर्णांक तीन. पुन्हा घेतली, तरी तेवढीच. पन्नास किलो तांदूळ वीस पूर्णांक तीनमध्ये पोचत होता आणि एक्कावन्न किलो अण्णा वीस पूर्णांक आठमध्ये. हा एका किलोचा फरक नव्हता. मामा बराच वेळ त्या पोत्याकडे बघत राहिले.

चौथ्या रविवारी ते माझ्याजवळ थांबले नाहीत. सुरुवातीच्या रेषेमागे, भज्यांच्या गाड्यापाशी उभे राहिले. मी परत आल्यावर खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाले, “तिसरा गिअर पडला की मागचे लाल दिवे लागत्यात. बारीक. जरा लागत्यात, पुन्ना विझत्यात.”

“मी ब्रेक लावत नाही, मामा.”

“तू लावतीस असं मी कुठं म्हटलो?”

आम्ही दोघांनी एकदम अण्णांकडे बघितलं. ते तोवर उतरून एका प्रेक्षकाला हॉर्न कधी वाजवू नये ते समजावून सांगत होते.

मामांनी माझी समजूत घातली. तीस वर्षं डाव्या सीटवर बसून ज्याने दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक लावले, त्याचा पाय साठच्या वर गाडी गेली की आपोआपच जाणार, त्यात त्या माणसाचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत होतं आणि संतापही येत होता. पहिल्या रविवारच्या जोरावर मी जेमतेम दुसऱ्या नंबरावर टिकले होते. अंतिम फेरी होती चौगुलेशी, आणि तो वीस पूर्णांक चारच्या वर कधी जात नव्हता.

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. दिव्यांचं, पोत्याचं, सगळं. आमचे अण्णा वाद घालायला बसले तर समोरचा उपाशी झोपेल असे. मी तयारीनेच बसले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, स्वतःच्या उजव्या पायाकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “असंल. लई वर्षांचा पाय हाय.”

एवढ्या सहज ते कबूल झाले याचाच मला जास्त राग आला. मी बोलायला नको ते बोलले. “मला जाऊ द्यायचं नाही म्हणून दाबताय तुम्ही. पायाचं नाव कशाला सांगता?”

आई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. अण्णांनी पेपरची घडी घातली.

“जेवून घे,” ते म्हणाले.

आठवडाभर आम्ही शिकवणीच्या वेळापत्रकापुरतं बोललो. दस्तगीरमामांनी मध्यस्थी करून बघितली. अण्णांना रविवारपुरता ताप यावा, म्हणजे नियमात बसून दुसरं माणूस बसवता येईल, असं त्यांनी सुचवलं. अण्णांनी नकार दिला. त्यांना ताप नव्हता, आणि फॉर्मवर त्यांनी सही केली होती.

पाचव्या रविवारी अण्णांच्या भाषणाचा विषय होता वाहनात बसण्याची योग्य पद्धत. पाठ सीटला टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, हे त्यांनी स्टुलावर बसून करून दाखवलं. मग उठून गाडीपाशी आले, चपला काढून मागच्या सीटखाली ठेवल्या आणि डाव्या सीटवर मांडी घालून बसले. वरून हेल्मेट आणि पट्टा. क्लबचे अध्यक्ष नियमांचा कागद घेऊन आले. माणूस बसलेला हवा असं त्यात होतं, पायांबद्दल काही नव्हतं. लोक हसत होते. अण्णा समोर बघत होते.

“आता पायाचा काय संबंध न्हाई,” ते मला म्हणाले. आठवड्यात माझ्याशी बोललेलं ते त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य होतं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली, पण मला जिंकायचं होतं.

अंतिम फेरी तीन धावांची होती, त्यातल्या दोन जिंकायच्या. पहिल्या धावेत चौगुलेचा गिअर अडकला आणि मी सहज पुढे गेले. वेळ विचारली नाही. दुसऱ्या धावेत तो नीट निघाला. अर्ध्या रस्त्यापर्यंत आम्ही बरोबर होतो, मग त्याची गाडी सरकत सरकत पुढे गेली आणि मी तिच्या मागच्या काचेवरचं गणपतीचं चित्र बघत रेषेपर्यंत पोचले. मला वीस पूर्णांक आठ, त्याला वीस पूर्णांक चार.

परतायच्या वाटेवर मामा धावत गाडीला आडवे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “लागले. दोन्ही खेपेला लागले.” मग अण्णांकडे बघितलं. अण्णांची पावलं मांडीखाली होती. मामांनी मागे जाऊन दिव्याची वायर हलवून बघितली, तिच्यात काही नव्हतं. ते तिथेच डोकं खाजवत उभे राहिले आणि मी गाडी पुढे घेतली.

“अण्णा, तुमचे पाय...”

“हितंच हाईत.”

“मग ब्रेक कोण लावतंय?”

अण्णांनी हेल्मेटची काच वर केली आणि स्वतःच्या पुढ्यातल्या ब्रेककडे बोट दाखवलं. “ह्यो आपोआप खाली जातोय. एकाच दांड्यावर हाईत न्हवं दोन्ही? तिकडनं दाबला की हिकडचापन जातो. दुसऱ्या रविवारपासनं बघायलोय मी.”

मी गाडी चालवत होते, त्यामुळे त्यांच्याकडे बघता येत नव्हतं.

“तुझा डावा पाय,” ते म्हणाले. “तिसरा पडला की क्लचवरनं उतरतो आन् ब्रेकवर जाऊन बसतोय. तुला कळत न्हाई. मानसांचे पाय बघायचे ह्योच धंदा हाय माझा, पद्मा.”

मी एकेक रविवार आठवून बघितला. एकटी होते तेव्हा पाय गेला नव्हता. तांदळाचं पोतं होतं तेव्हाही गेला नव्हता. शेजारी अण्णा असले की जात होता. चारशे मीटरच्या पुढे चाकण होतं, आणि चाकणला जाताना अण्णा मागे राहणार होते. तोंडाने मी कुणालाच हे सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं. “मी घरात तुमच्यावर आळ घेतला, तेव्हा तरी सांगायचं.”

सुरुवातीची रेषा जवळ येत होती, चौगुले आधीच येऊन उभा होता, त्याचा मेव्हणा खिडकीतून भज्यांकडे बघत होता.

“मला वाटलं, तुला जायाचं न्हाई,” अण्णा म्हणाले. “तोंडानं जायाचं म्हनतीस, पाय न्हाई म्हनतोय. आन् मला बरं वाटलं. म्हनून गप्प बसलो. चुकलं माझं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटमध्ये ते पुसताही येत नाही.

“मला जायचंय अण्णा,” मी म्हणाले. “भीती वाटते. तुम्हाला सोडून जायची भीती वाटते. पण जायचंय.”

“व्हय,” ते म्हणाले.

मी गाडी रेषेवर लावली. अण्णांनी मांडी सोडली. पायाला मुंग्या आल्या होत्या, ते दोन्ही हातांनी पोटरी चोळत राहिले. मग मागे हात घालून चपला काढल्या, पायांत घातल्या आणि डावं पाऊल क्लचवर, उजवं ब्रेकवर ठेवलं, शिकवताना ठेवायचे तसं. मागून मामांचा आवाज आला, मास्तर काय करताय म्हणून. अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“ब्रेक माझ्याकडं हाय,” ते मला म्हणाले. “तू नुसती जा.”

हे वाक्य ते प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी म्हणायचे. त्यांच्याकडून उचलून मीही पाच वर्षं म्हणत होते, आणि भाजी आणायलाही एकट्या न गेलेल्या बायका ते ऐकून चौकातून गाडी काढायच्या. मला शिकवतानाही ते म्हणाले असणार. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला सगळंच येत होतं.

झेंडा पडला. पहिला, दुसरा. रस्त्याच्या मधोमध तिसरा टाकला आणि डावा पाय उचलून खाली, मॅटवर ठेवला. तो तिथे राहिला. चौगुलेची गाडी उजवीकडे डोळ्याच्या कोपऱ्यात होती, ती कोपऱ्यातच राहिली. अण्णा आरसा बघ असंही म्हणाले नाहीत.

वीस पूर्णांक दोन. चौगुलेला वीस पूर्णांक तीन. आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली आणि ही चौदाही वर्षं मी चाकणलाच आहे. रोज नव्या गाड्या घेऊन त्यांच्या ब्रेकची परीक्षा बघते. पण त्या क्षणी मला जिंकल्याचं कळलंही नव्हतं. रेषा मागे गेली तरी माझा उजवा पाय दाबलेलाच होता, आणि पुढे रस्ता जिथे संपत होता तिथे खडीचा ढीग होता. तेव्हा गाडी अलगद मंद व्हायला लागली. अण्णांनी ब्रेक लावला होता. इतका हलका, की हेल्मेटसुद्धा पुढे झुकलं नाही. ढिगाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली.

मागे आरडाओरडा चालला होता. आरशात मामा दोन्ही हात वर करून धावत येताना दिसत होते, आणि त्यांच्या मागे रेगे पाच आठवड्यांत पहिल्यांदाच खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी गाडी वळवायला पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं. खाली बघितलं तर डाव्या बाजूचा ब्रेक पूर्ण दाबलेला होता.

“अण्णा, पाय काढा.”

“काढतो,” ते म्हणाले. ते समोर खडीकडे बघत होते. पाय त्यांनी काढला नाही.

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि त्यांच्या शेजारी तशीच बसून राहिले.